लॅपटॉप एक, सिस्टिम दोन. पण कागदपत्रे कोणाच्या ताब्यात?



धरणगावात आम्ही काही जण मिळून एक अभ्यासिका चालवतो. दोन खोल्या, एक नीट चालणारा पंखा आणि एक मनाला येईल तेव्हा चालणारा, बाबासाहेबांचे खंड, स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि एक लॅपटॉप. लॅपटॉप एका निवृत्त बांधवाने आपला जुना काढून दिलेला. पाचव्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. जयंतीची पत्रके, सभांची इतिवृत्ते, मुलांचे जातीचे दाखले आणि पडताळणीचे स्कॅन केलेले कागद, सराव परीक्षा, सगळे ह्याच एका यंत्रात.

उन्हाळ्यात एक दिवस तो सुरूच होईना. निळा पडदा यायचा आणि पुन्हा बंद. एका मुलाने तो दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "विंडोज उडाली आहे, नवी मारून देतो." दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चकचकीत होऊन परत आला. आत काहीच नव्हते. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. त्याने "डाटा पाहिजे का?" असे विचारले होते, आणि मुलाने "डी ड्राइव्हला हात लावू नका" असे सांगितले होते. पण आमचे सगळे कागद डेस्कटॉपवर ठेवलेले, आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हचाच एक कोपरा असतो हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. डी ड्राइव्हमध्ये होते दोन सिनेमे.

दाखले पुन्हा स्कॅन करता आले. पण आमच्या वस्तीतल्या एका आजीच्या भीमाच्या ओव्या गेल्या. चौदा ध्वनिमुद्रणे होती. आजी त्याआधीच्या हिवाळ्यात वारल्या. त्यांच्या लेकीला सांगायला मी स्वतः गेलो, तेव्हा ती एवढेच बोलली: "माय गयी, नि आते तिना आवाज बी गया."

ह्या घटनेनंतर अभ्यासिकेत जी चर्चा झाली तिच्यामुळे हा लेख लिहितो आहे. चर्चेत तीन मते पुढे आली. पहिले मत, वर्गणी काढून नवा लॅपटॉप घ्या. दुसरे, आहे ते बरे आहे, क्रॅक केलेली विंडोज चालू द्या, सगळे तेच करतात. तिसरे मत आमच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे: विंडोज पूर्ण पुसून टाका आणि लिनक्स घाला. मला तिन्ही मते चुकीची वाटली. त्यातल्या त्यात तिसऱ्याशी वाद घालायला मजा आली, कारण तो मुलगा तत्त्वाचे बोलत होता.

आधी पहिले मत. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला. म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे बंद. वर्षभराची वाढीव सोय ठेवली आहे, पण तिचीही मुदत संपणारच. विंडोज 11 घ्यायची तर प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय हवी. आमच्या लॅपटॉपचा कीबोर्ड चालतो, पडदा चालतो, पण कंपनीच्या यादीत तो बसत नाही. धरणगाव, एरंडोल, पारोळा, अमळनेर ह्या भागात गरीब घरांतल्या मुलांकडे जी यंत्रे आहेत ती बहुतेक अशीच, कोणीतरी वापरून झालेली. ती सगळी एका तारखेला निकामी ठरवायची आणि वर्गणी काढत बसायचे? वर्गणी कोण देणार? जिनिंगमध्ये हमाली करणारा बाप की निंदणीला जाणारी आई?

दुसरे मत, क्रॅकचे. इथे मला आपल्या माणसांशी थोडे कडक बोलायचे आहे. क्रॅक विंडोज आपल्याला फुकट वाटते, पण ती आपली नसते. ती चालू करणाऱ्या चोरट्या प्रोग्रॅमबरोबर आणखी काय आत आले ते आपल्याला कळत नाही, आणि त्याच यंत्रावर आपण मुलांचे आधार क्रमांक, बँकेची पुस्तके, शिष्यवृत्तीचे अर्ज ठेवतो. गंमत म्हणजे आमच्या लॅपटॉपसोबत मूळ परवाना होताच. असा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. साधी अधिकृत विंडोज 10 घातली असती आणि इंटरनेटला जोडली असती तर ती आपोआप चालू झाली असती. आम्ही नंतर तेच केले आणि तसेच झाले. हक्काची वस्तू घरात असताना चोरीची वापरत होतो, केवळ हक्क आहे हे माहीत नव्हते म्हणून. हे काही फक्त संगणकाच्याच बाबतीत घडते असे नाही.

आता तिसरे मत. लिनक्सची तात्त्विक बाजू भक्कम आहे हे मला मान्य आहे. 1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, 1991 साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. त्यातून जे उभे राहिले त्याचा परवाना सांगतो की हे सॉफ्टवेअर चालवा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. यात कोणाचे उपकार नाहीत. परवान्यानेच दिलेला हक्क आहे. उपकार आणि हक्क यांतला फरक आंबेडकरी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

पण त्या विद्यार्थ्याला मी विचारले, "बाबा रे, टायपिंगच्या परीक्षेचा सराव कशावर करायचा? एमएस-सीआयटीच्या वर्गात काय शिकवतात? आपली पत्रके ज्या श्रीलिपीत आणि आकृतीत बनतात ती कशावर चालवायची?" राज्य सरकारच्या अनेक पदांना एमएस-सीआयटी किंवा तत्सम प्रमाणपत्र लागते, आणि त्या वर्गात मुले विंडोज आणि ऑफिसच शिकतात. ज्याच्या घरी चार यंत्रे आहेत त्याने एकावर तत्त्व पाळावे. ज्यांच्यात मिळून एकच यंत्र आहे त्यांना त्याच यंत्रावर परीक्षाही द्यायची आहे.

यावर दुसऱ्या बाजूने एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "भाऊ, हे लिनक्स वगैरे पुण्या-बंगळुरूच्या सवर्ण इंजिनिअर लोकांचे फॅड आहे. आपला काय संबंध?" हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळांत जाऊन बघा, आडनावे कोणती दिसतात, कोणत्या कॉलेजांची मुले बोलतात, चर्चा कोणत्या भाषेत चालते. ज्ञान सर्वांसाठी खुले आहे असे म्हणायचे आणि दार मात्र ओळखीच्यालाच सापडेल अशा जागी ठेवायचे, ही रीत आपल्याला नवी नाही. पण म्हणून साधनच सोडायचे का? इंग्रजी इंग्रजांची म्हणून आपल्या आधीच्या पिढ्यांनी ती सोडली असती तर आज आपण कुठे असतो?

आणि आपला काहीच संबंध नाही हेही खरे नाही. तामिळनाडूत सी. उमाशंकर नावाचे दलित आयएएस अधिकारी होते. एल्कॉट ह्या राज्य सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाचे प्रमुख असताना त्यांनी तिथला कारभार लिनक्सवर आणला आणि सरकारी खरेदीत मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरला. पुढे 2010 साली ह्याच अधिकाऱ्याला निलंबित केले गेले. कारण दिले ते त्यांच्या जातीच्या दाखल्याचे. नंतर ते निलंबन मागे घ्यावे लागले. त्याच राज्यात 2011 साली विद्यार्थ्यांसाठी मोफत लॅपटॉपची योजना सुरू झाली, आणि त्या लॅपटॉपांत विंडोजबरोबर सी-डॅकने बनवलेली बॉस लिनक्सही होती. एका यंत्रात दोन सिस्टिम. म्हणजे आम्ही धरणगावात जे केले ते तिथे सरकारने लाखो मुलांसाठी केले होते. केरळने तर 2001 साली सुरू केलेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पातून शाळाच्या शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आणल्या. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. तरी आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एकाही मुलाने बॉसचे नाव ऐकलेले नव्हते.

केंद्र सरकारचे मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण 2015 पासून आहे. कागदावर आहे. कागदावरचे हक्क काय असतात हे आपल्याला महाडने शिकवले. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923 साली मंजूर झाला, पुढे महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे ठरवले, आणि तरी 20 मार्च 1927 पर्यंत आपल्या माणसाने त्या पाण्याला हात लावलेला नव्हता.

तर शेवटी ठरले ते असे, की दोन्ही सिस्टिम ठेवायच्या आणि कागदपत्रे दोन्हींपैकी कोणाच्याही घरात ठेवायची नाहीत. त्यांची खोली वेगळी. विंडोज मोडली तरी खोली शाबूत, लिनक्स मोडली तरी शाबूत. माझ्या मते दोन सिस्टिमपेक्षा ही तिसरी खोली जास्त महत्त्वाची आहे, आणि लोक नेमकी तीच विसरतात.

कसे केले ते सांगतो, कारण अनेक गावांतून विचारणा होते. लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती, आणि डिस्कचे भाग पाडत असताना वीज गेली तर सगळेच जाऊ शकते. आमच्याकडे उन्हाळ्यात विजेचा भरवसा नाही. म्हणून एका कार्यकर्त्याच्या घरी, इन्व्हर्टरवर, पहाटे काम केले. त्याआधी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून जुनी रॅम आणून 4 ची 8 जीबी केली. विंडोज आधी घालायची आणि लिनक्स नंतर, हा क्रम मोडू नये. विंडोज नंतर घातली तर ती सुरुवातीचा ताबा स्वतःकडे घेते आणि लिनक्सचे दार दिसेनासे होते. ते परत आणता येते, पण डोकेदुखी कशाला.

500 जीबीची डिस्क संगणकाला 465 च्या आसपास दिसते, ती काही चोरी नाही, मोजण्याची रीत वेगळी आहे. त्यातले 120 विंडोजला दिले, 50 लिनक्स मिंटला, आणि उरलेले 290 सामाईक साठ्याला. विंडोजचा भाग कमी करायचा तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून नुसती चालवून पाहिली, वायफाय आणि आवाज चालतो का ते तपासले, आणि मगच घातली. घालताना सगळी डिस्क पुसण्याचा पर्याय समोर येतो, तिथे घाई केली की आमच्या दुकानदाराने केले तेच आपण करतो. भाग स्वतः निवडण्याचा पर्याय घ्यावा, आणि सुरुवातीच्या ईएफआय नावाच्या लहान भागाला फॉरमॅट मारू नये. दोन्ही सिस्टिमची दारे तिथेच असतात. ज्यांच्या विंडोजमध्ये बिटलॉकर चालू आहे त्यांनी त्याची रिकव्हरी की आधी वहीत लिहून ठेवावी.

सामाईक भाग एनटीएफएस ह्या पद्धतीचा केला, कारण ती विंडोजची स्वतःची आहे आणि लिनक्सलाही वाचता-लिहिता येते. एक्सफॅटही चालते, पण अचानक वीज गेली की एनटीएफएस जास्त सावरून घेते. लिनक्सची स्वतःची ईएक्सटी-फोर पद्धत विंडोजला वाचताच येत नाही, म्हणून ती फक्त लिनक्सच्या खोलीपुरती. एक गोष्ट मात्र आम्ही चुकलो. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. आपण शटडाऊन करतो, पण ती पूर्ण बंद होत नाही, अर्धी झोपते आणि डिस्कवरचा ताबा धरून ठेवते. मग लिनक्समधून सामाईक भाग उघडला की फाइल वाचता येते, लिहिता येत नाही. दोन दिवस आम्ही लिनक्सला शिव्या दिल्या. फास्ट स्टार्टअप बंद केल्यावर प्रश्न मिटला. ज्याने ताबा सोडलेलाच नाही त्याच्या शेजाऱ्याला आपण दोष देत होतो.

आणखी एक गंमत. विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तासांनी मागे पडायचे. मुलांची सराव परीक्षा घड्याळावर चालते, त्यामुळे गोंधळ झाला. यंत्रातल्या घड्याळाची वेळ लिनक्स जागतिक वेळ समजते आणि विंडोज स्थानिक समजते, आणि आपला देश जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितले की झाले. फाइलींच्या नावांचेही तसेच: लिनक्समध्ये नावात विसर्गासारखा दिसणारा कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालते, विंडोजला ते चालत नाही. आता अभ्यासिकेच्या भिंतीवर चिठ्ठी आहे, की नावात साधी अक्षरे, अंक आणि तारीख, बाकी काही नको.

सामाईक भागाला नाव काय द्यायचे यावर अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "काका, चवदार ठेवा ना." तिने स्वतः देवनागरीत टाइप केले आणि दोन्ही सिस्टिममध्ये ते दिसते. मला आवडले, पण तिला हेही सांगितले की ही तुलना फार ताणायची नाही. त्या पाण्यासाठी लोकांची डोकी फुटली होती. आपण पंख्याखाली बसून माऊस हलवला.

आता लेखाचा जो भाग मला सर्वांत जास्त छळतो तो सांगतो. साठा सामाईक केला, तरी आतली फाइल एकाच सॉफ्टवेअरला वाचता येत असेल तर काय उपयोग? गेल्या तीस वर्षांत आंबेडकरी चळवळीची किती पत्रके, स्मरणिका, पुस्तिका, साप्ताहिके डीटीपीवर तयार झाली असतील? त्यातली फार मोठी संख्या जुन्या फॉन्टांत आहे. तो फॉन्ट यंत्रात नसेल तर आपले 'बाबासाहेब' म्हणजे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. त्यात शोध घेता येत नाही, इंटरनेटवर ते सापडत नाही, आणि ज्या पिढीला सगळे शोधूनच वाचायची सवय आहे तिच्यासाठी ते नसल्यातच जमा आहे. आमच्याकडे नव्वदच्या दशकातली एका स्मरणिकेची फाइल आहे. छापील प्रत वाळवीने खाल्ली, फाइल शाबूत आहे, आणि ती वाचता येत नाही! जुने फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात, त्यांनी बरेचसे जमते, जोडाक्षरांत चुका राहतात. दर रविवारी दोन मुले ते दुरुस्त करतात.

म्हणून नियम केला: नवे लिखाण युनिकोडमध्येच. छपाईला जुना फॉन्ट लागला तर विंडोजमध्ये जाऊन बदलून घ्यायचा, पण मूळ प्रत युनिकोडची, 'चवदार'मध्ये. मुले इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकत आहेत, कारण तो दोन्ही सिस्टिममध्ये जसाच्या तसा मिळतो. एकदा बोटे बसली की यंत्र बदलले तरी अडत नाही. इंटरनेट लिनक्समधून, आणि विंडोज 10 बहुतेक वेळ नेटशिवाय, टायपिंगच्या सरावापुरती आणि डीटीपीपुरती. दुरुस्त्या बंद झालेल्या सिस्टिमला बाहेरच्या जगात फिरवू नये, घरकामाला तिचा उपयोग करावा.

ज्येष्ठ कार्यकर्ते अजूनही कुरकुरतात. "एवढा खटाटोप चार कागदांसाठी?" असे परवाही म्हणाले. मी त्यांना बाबासाहेबांच्या हस्तलिखितांची आठवण करून दिली. 1956 च्या महापरिनिर्वाणानंतर ते अप्रकाशित लिखाण किती वर्षे पेट्यांत, इतरांच्या ताब्यात पडून राहिले. महाराष्ट्र शासनाचा पहिला खंड निघाला तो 1979 साली. वसंत मून यांनी जिवापाड मेहनत करून जे बाहेर आणले त्यातही कुठे प्रकरण अपुरे, कुठे पाने गहाळ. एवढ्या मोठ्या माणसाच्या कागदांची ही गत, तर आपल्या वस्तीतल्या आजीच्या ओव्यांना कोण विचारतो? ते ताबा दुसऱ्याकडे असण्याचे मोल होते, आणि आपण ते मोल एका डेस्कटॉपपायी पुन्हा मोजले.

एक चूक मात्र करू नका. सामाईक साठा म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क एकच आहे, ती मेली की तिन्ही खोल्या एकदम जातात. आमची दुसरी प्रत एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर असते, आणि ती डिस्क अभ्यासिकेत ठेवत नाही, वस्तीत वेगवेगळ्या घरी फिरते. सध्या ती आजीच्या लेकीकडे आहे.

ओव्यांचे म्हणाल तर, आम्ही सगळ्यांना जुने फोन तपासायला सांगितले. सुरतला कामाला गेलेल्या एका मुलाच्या फोनमध्ये तीन सापडल्या, त्याला कोणीतरी कधी पाठवल्या होत्या. तो रेल्वेने धरणगावला आला तेव्हा फोन घेऊन थेट अभ्यासिकेत आला. चौदापैकी तीन. त्यातल्या एकीत मागे कुकरची शिट्टी वाजते आणि आजी ओवी मध्येच थांबवून सुनेला गॅस बारीक करायला सांगतात.